पिंपळखुटे काका आणि केसमधली माणसं

“सर, मेहराजी ने खाना खाया कि नहीं?”

जबलपूरला आमच्या एमबीएच्या पहिल्या रविवारी, पहिल्याच तासाला, मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. चौबे सर फळ्यावर लिहीत होते, त्यांचा हात तसाच वर राहिला. वर्गात आम्ही तीसेक जण. सगळे नोकरी करणारे. आठवडाभर ऑफिस, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर कॉलेज. असा हशा पिकला की पंख्याचा आवाज ऐकू येईना.

हे मेहराजी आमच्यातले कोणी नव्हेत. ते कागदावरचे. एमबीएत केस स्टडी नावाचा प्रकार असतो. तीन-चार छापील पानांची एक गोष्ट देतात. त्यात एक कंपनी असते, एक मॅनेजर असतो आणि त्याच्यापुढे मोठी अडचण असते. माणूस आता काहीतरी ठरवणार, इतक्यात गोष्ट संपते आणि खाली प्रश्न असतो, अमक्याने काय करावे? त्या दिवशीचे मेहरा चपलांच्या कारखान्याचे मॅनेजर होते. कुणी म्हणालं, त्यांनी नवीन मशीन घ्यावं. कुणी म्हणालं, भाव उतरवावेत. आणि हे गृहस्थ उभे राहून त्यांच्या जेवणाची चौकशी करत होते.

“तीसरा पैरा देखिए सर,” ते शांतपणे म्हणाले. “सुबह नौ बजे मीटिंग. पाँचवें पैरे में शाम के चार बज गए. बीच में लंच का कहीं ज़िक्र नहीं. भूखा आदमी है, सर. इससे आज फ़ैसला मत करवाइए.”

सरांनी कागद वर-खाली करून पाहिला. खरंच जिक्र नव्हता. “आपका नाम?”

“रमाकांत पिंपळखुटे.”

“पीपल...?”

“खुटे, सर. पिंपळ-खुटे.”

“अच्छा, पीपलजी. बैठिए.”

तेव्हापासून वर्गात ते पीपलजी झाले. मी मात्र मराठी आडनाव ऐकून मागे वळले. चोपन्न-पंचावन्नचे असतील. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि डोळे असे, की माणूस समोर बसलाय पण घरी कोणी नाही. चहाच्या सुट्टीत तेच माझ्याजवळ आले.

“मराठी आहे ना तुम्ही? हजेरीत आडनाव ऐकलं. मग काहून चूप बसल्या होत्या?”

“काय बोलणार, काका? मला तर मेहरांचं काहीच सुचलं नाही.”

“मला पण नाही सुचलं,” ते म्हणाले. “फक्त काळजी वाटून राहिली.”

काका कांचघर भागात एकटे राहत आणि फॅक्टरीत स्टोअरला होते. जबलपूरात फॅक्टरी म्हटलं की ती सरकारी, शस्त्रास्त्रांची; पुढे कोणी विचारत नाही. निम्म्या शहराचं तिथे कोणी ना कोणी असतंच. काकांचं काम अवजारं देण्याच्या खिडकीवर. हातमोजे, ड्रिलचे बिट, पाने, गॉगल. मागेल त्याला द्यायचं, सही घ्यायची. ती खिडकी इतकी खाली की आत बसलेल्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

“मला हात दिसतात, ताई. फक्त हात. तीस वर्षं झाली. रस्त्यात लोक नमस्कार करतात तर मला ओळखू येत नाही. हात पुढे केला की समजतं, अरे, हा तर सात नंबरचा पाना.”

हातावरून म्हणे त्यांना माणसाची तबीयत कळे. अंगठा आत दाबून मोजे मागितले तर तो घरी भांडून आलेला. सही करताना पेन हलकं धरलं तर पोरगी पास झालेली. मी म्हटलं, विचारून खात्री करता का? तर म्हणाले, “विचारायचं काहून? मागे लाइन असते.”

एमबीए कशाला करताय, असं त्यांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. रिटायर व्हायला पाच-सहा वर्षं, प्रमोशन मिळालं तरी खिडकी फक्त एक फूट वर जाणार. ते कधी एक कारण सांगत, कधी दुसरं. मला एकदा म्हणाले, “इथं शेवटी प्रश्न विचारतात, ताई. बरं वाटतं.”

मी विमा कंपनीत आहे. मला प्रमोशन हवं होतं आणि त्यासाठी डिग्री हवी होती, एवढा सरळ हिशेब. केस वाचायची, तक्ता काढायचा, शिफारस लिहायची, विसरून जायचं. काकांना विसरणं जमत नसे. रविवारी भेटलेला माणूस त्यांच्याबरोबर आठवडाभर राहायला यायचा. वर्गात ते खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत बसलेले असायचे. हलवलं की दचकून म्हणायचे, “जरा जाऊन आलो.”

“कुठे?”

“तो खन्ना नाही का. त्याच्या गोदामात. फार ओल आहे तिथं.”

खन्ना म्हणजे दुसऱ्या सत्रातले. दोन भागीदारांची कापडाची पेढी, तीस वर्षांची मैत्री, आणि आता एकाला वेगळं व्हायचंय. सोमवारी सकाळी मी डबा भरत असताना काकांचा फोन यायचा. “ताई, खन्नाचं मनाला लागलं. दुसरा वेगळा झाला तर हा दुपारचा चहा कोणाबरोबर पिणार?”

माझा नवरा संजय जन्माने मराठी, पण इथेच वाढलेला, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत उतरवतो. दोन-तीन सोमवार त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे खन्ना कोण आहेत, और तू इनके घर के मामले में क्यों पड़ रही है?” मी केस दाखवली. त्याने चार पानं वाचली. पुढच्या आठवड्यात जेवताना हळूच विचारतो, “खन्ना का कुछ हुआ?”

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली आणि काका एका पेपरात नापास झाले. केस सुब्रमण्यम नावाच्या मॅनेजरची होती. त्याला जुनी बेकरी बंद करून चाळीस कामगारांना घरी पाठवायचं होतं. आम्ही सगळ्यांनी समस्या, पर्याय, शिफारस अशी उत्तरं लिहिली. काकांनी तेरा पानं लिहिली. सुब्रमण्यम दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बेकरीत जातो, शेवटच्या पावांचा वास घेत एका पोत्यावर बसतो, आणि सगळ्यात म्हातारा कारागीर येऊन त्याच्या शेजारी बसतो.  तेरावं पान तिथे संपलं होतं.

चौबे सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. मी दाराशी उभी होते. “पीपलजी, बहुत सुंदर है. मैंने दो बार पढ़ा. लेकिन ये उपन्यास नहीं, उत्तर-पुस्तिका है. मैं इसमें नंबर कहाँ दूँ?”

“कहीं भी दे दीजिए, सर,” काका म्हणाले.

मग मी त्यांची शिकवणी घ्यायची ठरवली. शनिवारी क्लासच्या आधी आम्ही ग्वारीघाटावर भेटायचो. पायऱ्यांवर वही उघडायची, समोर नर्मदा, नावा एकमेकींना टेकलेल्या, पाण्यावर ऊन असं पसरलेलं की अक्षरं वाचताना डोळे मिटायला लागायचे. मी खडूस मास्तरणीसारखी बोलायची, “आधी समस्या. एका वाक्यात.”

“चाळीस लोकांची नोकरी जाऊन राहिली.”

“ही कामगारांची समस्या. सुब्रमण्यमची काय?”

“त्याला हे बायकोला सांगायचं आहे.”

“काका, त्याला बायको आहे असं कुठं लिहिलंय?”

“नाही असं पण कुठं लिहिलं नाही.”

मी ‘समस्या’ शब्दाखाली पुन्हा रेघ ओढायची. एक नाव सुटायची, नावाडी बांबूने किनारा ढकलायचा आणि काकांची नजर तिच्यामागे निघून जायची. मी दोन मिनिटं थांबायची. खरं सांगायचं तर कधीकधी मीही जायची. ऑफिस, घर, डबे, सबमिशनच्या तारखा, यांत असं नुसतं पाण्याकडे बघणं मला दुसऱ्या कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी आमचा तह झाला. उत्तर माझ्या पद्धतीने लिहायचं, मग कच्च्या कामाच्या पानावर त्यांना जे हवं ते. कच्चं काम कोणी तपासत नाही. काका पास झाले. निकालाच्या दिवशी चौबे सर मला एकटीला गाठून म्हणाले, “रफ़ वाला पन्ना मैं पढ़ लेता हूँ. उनको मत बताइएगा.”

दुसऱ्या वर्षी कॉलेजने आम्हाला भेडाघाटला नेलं. संगमरवर कोरणाऱ्यांचा धंदा कसा चालतो ते बघायला. आम्ही दुकानांतून फिरून प्रश्न विचारले, मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना पांढरे कडे, मध्ये हिरवं संथ पाणी. नावाडी गमतीशीर यमकं जुळवत माहिती सांगत होता, आमच्या वर्गातली पोरं टाळ्या देत होती. काका टोकाला बसून पाण्यात बोटं सोडून होते.

“ताई,” ते एकदम म्हणाले, “दोन माणसं एकमेकांची वाट पाहून राहिले, आपापल्या जागी बसून. तर चूक कोणाची धरतात?”

“कोणती केस ही?”

“आहे एक.”

मला वाटलं, पुढच्या सत्राची असेल. मी म्हटलं, आधी निरोप कोण पाठवणार होतं ते बघावं लागेल. त्यांनी मान हलवली आणि बोटं पाण्यातून काढून रुमालाला पुसली.

तिसऱ्या वर्षी शेवटचा प्रोजेक्ट आला. प्रत्येकाने स्वतः एक केस लिहायची. घटना खरी हवी, नावं बदलायची, शेवटी प्रश्न हवा. मी विमा एजंटांवर लिहून मोकळी झाले. मला वाटलं होतं, काका दहा केस लिहून आणतील. पण मुदत टळून गेली तरी त्यांचं पान कोरं. ते क्लासला येत, कडुलिंबाकडे बघत आणि हलवलं की नुसते वही मिटत.

सरांनी शेवटची ताकीद दिली तेव्हा एका दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. हातात फुलस्केपचे चार कागद, हिंदीत, सुवाच्य अक्षरात. “टाइप करून द्याल का? मला जमून नाही राहिलं.” कागद ठेवले आणि चहालाही न थांबता गेले.

मी डबा बाजूला सारून टाइप करायला घेतलं. एका कारखान्यात श्री. क नावाचे स्टोअरकीपर असतात. त्यांच्या पत्नीचं, श्रीमती क यांचं, बी.कॉम. झालेलं असतं. शहरात संध्याकाळचा मॅनेजमेंटचा कोर्स सुरू होतो. श्रीमती क फॉर्म आणतात. श्री. क म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्या पुन्हा फॉर्म आणतात. असे चार फॉर्म होतात. श्री. क यांचा विरोध नसतो. संध्याकाळी घरी आल्यावर घर रिकामं असेल, एवढीच त्यांना भीती वाटत असते, आणि ती त्यांना बोलून दाखवता येत नाही. एके दिवशी श्रीमती क नागपूरला आईकडे जातात. जाताना म्हणतात, माझा फॉर्म भरलात की घ्यायला या. श्री. क यांना वाटतं, राग उतरला की येतील. थोडे दिवस पत्रं येतात-जातात. मग फक्त दिवाळीची. मग तीही नाही. बावीस वर्षं होतात.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. तीन वर्षं मी या माणसाला बायको नाही असं धरून चालले होते. कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून.

शेवटी प्रश्न होता, “श्री. क को क्या करना चाहिए?” मला वाटलं, चूक झाली. एवढी जुनी गोष्ट, तेव्हा “चाहिए था” हवं. मी ‘था’ टाइप केलासुद्धा. मग कागदाकडे पाहिलं. काकांनीही आधी ‘था’ लिहिला होता, आणि खोडला होता. एकदा नाही, तीनदा गिरवून.

मीही माझा ‘था’ पुसला.

तोंडी परीक्षेला चौबे सरांनी केस वाचली. मी नंतरच्या नंबरावर म्हणून आतच बसले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पीपलजी, डेटा एकतरफ़ा है. श्रीमती क का पक्ष कहाँ है?”

“नहीं है, सर.”

“केस अधूरा है फिर. ले आइए. पंद्रह दिन देता हूँ.”

“सर, वो नागपूर...”

“फ़ील्ड वर्क है,” सर म्हणाले आणि पुढची फाइल ओढली. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या फाइलवर माझं नाव होतं आणि सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

काका पुढे पास झाले, डिग्री मिळाली, गाउन घालून फोटोही काढला. ते आताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला निकालाची आठवण राहणार नाही.

ते सकाळच्या बसने सिवनीमार्गे नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात हजर. या वेळी चहाला थांबले. पत्ता जुनाच होता म्हणाले, फक्त फाटकाला रंग दिला होता. श्रीमती क यांनी स्वतःच दार उघडलं.

“ओळखलं?” मी विचारलं.

“हात ओळखला मी. दाराच्या कडीवर होता.”

“आणि त्यांनी?”

“म्हणाली, काहून आले?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, प्रोजेक्ट आहे.”

मी कपाळाला हात लावला. “काका! बावीस वर्षांनी जाऊन?”

“दुसरं काय सांगू, ताई? कागद दिला हातात. ती म्हणाली, थांबा, चष्मा आणते. दारातच उभी राहून वाचलं सगळं. मग म्हणाली, पेन आहे का? म्हटलं, आहे, दोन आहे. मला बाहेर एक स्टूल दिलं आणि आत जाऊन बसली लिहीत.”

“आत नाही बोलावलं?”

“नाही. पण स्टूल पुसून दिलं.”

त्यांनी खिशातून कागद काढला. अर्धं पान, मराठीत, लहान ठाम अक्षरात. मला ते हिंदीत करून टाइप करायचं होतं. मी वाचत गेले.

“फॉर्म चार नव्हते, पाच होते. पाचवा श्री. क यांना दाखवला नाही. श्रीमती क रागावून गेल्या नाहीत, दमून गेल्या. त्यांनी नागपूरला तोच कोर्स केला. सध्या त्या औषधांच्या एका एजन्सीचं ऑफिस सांभाळतात, हाताखाली नऊ माणसं आहेत. श्री. क घ्यायला का आले नाहीत, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. श्री. क यांना लाज वाटत होती. श्रीमती क स्वतः परत का गेल्या नाहीत, त्याचंही कारण तेच.”

इथे एक ओळ रिकामी सोडली होती. मग खाली, “गुरुवारी मी घरी असते.”

मी टाइप करता करता त्या ओळीशी आले आणि सवयीने म्हटलं, “काका, इथं ‘मी’ झालंय. श्रीमती क हवं ना?”

काकांनी हात पुढे करून कागद माझ्यासमोरून ओढून घेतला. त्यांचे हात मी प्रथमच नीट पाहिले. कागद त्यांनी अगदी हलका धरला होता.

“ही ओळ टाइप करू नका, ताई. ही प्रोजेक्टातली नाही.”

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. चहा संपवला. ऑफिसातले लोक जेवून परतत होते, खुर्च्या सरकत होत्या. काका उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“गुरुवारची रजा टाकायची आहे. अर्जात कारण लिहावं लागते. काय लिहू?”

“लिहा ना, घरगुती काम.”

“घरगुती,” काका म्हणाले. मग माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, तिथेच खुर्चीवर बसले, आणि तो शब्द अर्जात मावतो का ते बघावं तसं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून लिहू लागले.